मेंढरं सोडायच्या वेळची गोळी

८ नोव्हेंबर

घरी आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. वही उघडली की काहीतरी निघतंच — परवा शेळीनं पेन चघळला, नंतर वारंगा फाट्यावर सात भोंग्यांचा ट्रक उभा होता, तो बघण्यात दुपार गेली. पण काल जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवेना.

पायाची जखम शुगरनं चिघळली म्हणून बा नऊ दिवस दवाखान्यात होता. एक तारखेला सुट्टी झाली. मी तेव्हा तेलंगणात, भात कापायच्या हार्वेस्टर मशीनवर कामाला. दुसऱ्या दिवशी पोचलो. आणि काल सकाळी मेंढवाड्यात बा घामानं चिंब, हात लटलट. माझ्याकडं बघून म्हणतो, "कोणाचा रं तू?"

माझा बाप मला विचारतो — कोणाचा!

मायनं साखरपाणी पाजलं, मग दवाखान्यात पळवलं. शुगर फार खाली गेली होती. आज घरी आहे. आज ओळखतो.

९ नोव्हेंबर

सापडलं!

बाच्या उशाला दोन पिशव्या. एक दवाखान्याची, एक जुनी, कळमनुरीच्या दुकानातली. मी नववीत शाळा सोडली, इंग्रजी अक्षर-अक्षर जोडून वाचतो. दोन पाकिटांवर मोठी नावं वेगळी. खालचं बारीक नाव — एकच! आकडाही एकच. तीनदा वाचलं. म्हणजे शुगरची एकच गोळी बा रोज दोनदा खात होता.

सुट्टीच्या कागदावरच्या नंबरला फोन लावला. शिला सिस्टर होत्या. "अरे, जुनी बंद करायची सांगितलं होतं की! समजलं का विचारलं, तर नामाजीबाबा व्हय म्हणाले."

बाला विचारलं, काहून व्हय म्हणलात?

"बाहेर गावची गाडी भरून राहिली होती. मेंढरं नऊ दिस तुझ्या मायच्या हवाली. त्या सिस्टरबाईनं आभाळ हिरवं हाय म्हणलं असतं, तरी व्हय म्हणलो असतो."

अन् दोन्ही काहून खाल्ल्या?

"एक जुन्या डॉक्टरची, एक नव्याची. कोणाचाच मान मोडू न्हाई."

जुनी पिशवी मी माझ्याकडं घेतली.

१० नोव्हेंबर

बानं जुनी गोळी परत मागितली. मी दिली नाही. बा माझ्याकडं पाठ करून बसला.

११ नोव्हेंबर

बावीसला आमची मशीन पुन्हा निघणार. मी गेल्यावर बाच्या हातात काय पडेल कोण बघणार? माय वाचत नाही, बा वाचत नाही. तीनदा समजावलं. तीनदा "व्हय". मग म्हणलं, आता तुमी सांगा. बा भडकला — "पोरगं बापाची परीक्षा घेऊन राहिलं!" माय तोंडाला पदर लावून हसली.

तेवढ्यात शेजारची एक मेंढी आमच्या कळपात घुसली. बा बाजेवरून, इतक्या लांबून — "निळा पट्टा हाय. काढ तिला बाहेर."

माझ्या डोक्यात लख्ख! मेंढरांच्या पाठीला खूण करायचा रंग आणला. आधी सिस्टरला फोन केला. त्या म्हणाल्या, "लाव, पण नाव आणि तारीख झाकू नको." शुगरच्या नव्या पाकिटाला लाल पट्टा, त्याच पिशवीतल्या ब्लडप्रेशरच्या पाकिटाला पिवळा. लाल — सकाळी भाकर खाऊन मेंढरं सोडायच्या वेळी. पिवळा — मेंढरं कोंडल्यावर. बा घड्याळ बघत नाही, पण मेंढरांची वेळ जन्मात चुकली नाही त्याची.

मग जुनं पाकीट पुढं ठेवलं, ते त्यानं स्वतःच बाजूला सारलं. "ही परक्या कळपातली."

मग बाच विचारतो, "अन् ज्या दिशी भाकर गेली न्हाई त्या दिशी?" हे मला सुचलंच नव्हतं! पुन्हा फोन. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून सांगितलं. "जेवण नाही तर लाल गोळी नाही. आणि लगेच इथं फोन करायचा." परवापासून हा तिसरा फोन, तरी चिडल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर

तपासणी. डॉक्टर म्हणाले, "बाबा, गोळ्या समजल्या का?"

बा म्हणाला, "व्हय म्हणत न्हाई. मी सांगतो, तुमी ऐका."

आणि सांगितलं! लाल, पिवळा, भाकर, फोन. घाम सुटला तर साखर. डॉक्टरांचा पेन हातातच राहिला. शिला सिस्टर दारात उभ्या. रांगेतली माणसं वळून बघत होती. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं — बरं, ते आधीच ढिलं होतं.

येताना बा एवढंच म्हणाला, "पोरगं फिरस्तं हाय. पण नजर बराबर हाय."

हे मी पुन्हा लिहिणार होतो. एकदा पुरे.

२१ नोव्हेंबर

थांबू का, बाला विचारलं. "जा," म्हणाला. "मला येतंय."

२२ नोव्हेंबर

पिशवी भरून फाट्यावर निघालो, तर दारात स्कूटी. शिला सिस्टर, घरच्या साडीत. मागं त्यांचे वडील उकंडराव, थेट कनेरगाव नाक्याहून. हातात औषधांच्या दोन पिशव्या. मी हात पुढं केला.

"तुला नाही रे," सिस्टर म्हणाल्या. "मी सांगते तर अप्पा नुसतं व्हय व्हय करतात. नामाजीबाबा कुठायत?"

बाला हाक मारली. येऊन राहिला — हातात रंगाचा डबा घेऊन.