साठ सह्या, त्यात तीस पुरुष

३ ऑक्टोबर

नियम चौदा! सगळी नियमावली वाचली आणि नेमका हाच कसा सुटला? माझ्या मार्गदर्शक मिलेव्हाबाईंनी आज विद्यापीठात बोट ठेवून वाचून दाखवला. आरोग्यसंवर्धनाच्या पदव्युत्तर पदवीचा प्रबंध समितीपुढे मांडण्याआधी विद्यार्थ्याने आपल्या गावात एक आरोग्य मेळावा घेतलाच पाहिजे. किमान साठ प्रौढांच्या सह्या, त्यात किमान तीस पुरुष. मुदत तीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. नाही जमलं तर नाव पटावरून कमी, तिन्ही सत्रं वाया.

"दोन्का, एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करशील का?" बाईंनी विचारलं.

तीस पुरुष! आमच्या गावातला पुरुष दवाखान्यात येतो तो चौघांनी उचलून आणला तरच.

५ ऑक्टोबर

दारावरचा किरीलचा कागद पावसाने भिजून फाटला होता. नवा लावला, आमच्याकडे मेलेल्यांचा दारावर, खांबावर लावतात तसा. फोटो, काळी चौकट, खाली "जाऊन आठ वर्षं झाली".

सेहेचाळीसाव्या वर्षी गेला माझा नवरा, वाढलेल्या बीपीने. आणि मी गावची नर्स! बीपीचं यंत्र याच दाराच्या आत खुंटीला टांगलेलं असायचं. "उद्या बघू गं," म्हणायचा. मीही म्हणायचे, बरं.

त्याला पुरलं त्या दिवशी धाकटा दीर स्तामेन सगळ्यांसमोर म्हणाला, "अख्ख्या गावाचं मोजतेस, माझ्या भावाचं नाही मोजलंस." तेव्हापासून बोलत नाही. पावाच्या दुकानात मी रांगेत दिसले तर रिकाम्या हाताने परत जातो.

या वयात पदवी कशाला, असं लोक विचारतात. याच्यासाठी!

१९ ऑक्टोबर

मेळावा झाला. झाला म्हणजे काय, फज्जा उडाला. सात बायका आणि एक पुरुष. तो पुरुष म्हणजे आमचे निवृत्त पोस्टमन, मेतोदीकाका. साऱ्या गावाचे लाडके.

"अगं, एवढे रंगीबेरंगी कागद लावलेस, लोकांना वाटलं कुणी गालिचे विकायला आलंय!" काका म्हणाले. "पुढच्या वेळी माझा फोटो छाप. मला बघून येतील."

२८ ऑक्टोबर

शहरात जाऊन छापून आणले. छापखान्याच्या मालकाची रंगीत शाई संपलेली. "काळ्यातच करू. चौकट घालून देतो, उठून दिसेल," म्हणाला. दिसतोय खरा! मधोमध काका, खाली ठळक अक्षरांत: "मेतोदीकाका तुमची वाट पाहत आहेत. शनिवारी अकरा वाजता, गावच्या सभागृहात. जरूर या."

पावाच्या दुकानासमोरचा खांब, बसथांबा, चर्चचं दार — सगळीकडे चिकटवले. काका आठवडाभर लेकीकडे गेलेत, शनिवारी थेट सभागृहात येतील.

२ नोव्हेंबर

काय लिहू! अजून हसू आवरत नाही.

शहाऐंशी माणसं! सगळी काळ्या कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फुलं. त्स्वेतामावशी मयताला वाटतात तो परातभर उकडलेला गहू घेऊन, वर साखर पेरलेली, डोळे रडून लाल. आणि दारात मेतोदीकाका स्वतः उभे, हात पसरून, "या, या!"

परात खाली. मावशी किंचाळली, "मेल्या, जिवंत आहेस तू!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटो, काळी चौकट, खांब, चर्चचं दार! आठ वर्षं माझ्या स्वतःच्या दारावर तसाच कागद आहे आणि मला दिसू नये? छापखानेवाला वर्षभर मेलेल्यांचेच कागद छापतो, त्याचा हात त्याच वळणाने गेला. माझाही!

काका इतके हसले की खुर्ची द्यावी लागली. मग ओरडले, "आलाच आहात तर बाह्या वर करा! पुरल्यावर कुणी मोजत नाही!"

आणि केल्या की! शहाऐंशीमधल्या पंच्याऐंशींनी. एक्केचाळीस पुरुष. बेकरीवाल्याचं बीपी दोनशे दहा निघालं — लगेच शहरात धाडला.

शहाऐंशीवा स्तामेन. मला पाहिलं, दोन फुलं टेबलावर ठेवली, निघून गेला.

३ नोव्हेंबर

पंच्याऐंशी सह्या!! स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

६ नोव्हेंबर

मिलेव्हाबाईंना सगळं खरं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नियम पाच. माणूस कशासाठी येतोय हे त्याला येण्याआधी माहीत हवं. तुझी माणसं मयताला आली होती. या सह्या चालणार नाहीत."

"पण सही करताना कळलं होतं ना!"

"येताना नव्हतं."

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? परतताना गाडीत रडले. रागाने. पण नाही. किरीलसाठी मिळवायचं ते फसवून नको.

१८ नोव्हेंबर

काकांनी स्वतःच नवे कागद छापून आणले! तोच फोटो, तीच काळी चौकट. "मी जिवंत आहे. बीपी मोजायला या. तीस तारीख, शनिवार. फुलं आणू नका."

"काका, चौकट तरी काढायची!"

"वेडी आहेस? गावात तेवढीच तर वाचतात."

३० नोव्हेंबर

दुपारी चारपर्यंत बायका सत्तेचाळीस, पुरुष सव्वीस. बेकरीवाला हॉस्पिटलमधून सुटून आलेला, तो दोघांना दंडाला धरून घेऊन आला, तिसरा स्वतः. एकोणतीस! साडेचार. काका रस्त्यावर जाऊन उभे राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पावणेपाच.

मग स्तामेन आला.

"सही कुठे?" एवढंच. यादीच्या कागदाकडे बघून, माझ्याकडे नाही. मी बीपीच्या यंत्राचा पट्टा हातात घेऊन उभी. त्याने सही केली, पट्ट्याकडे एकदा पाहिलं आणि गेला.

तीस. चार बावन्नला यादी पाठवली.

१३ डिसेंबर

सहापैकी सहा गुण!!! पास झाले मी!

समितीतल्या एका गंभीर गृहस्थांनी विचारलं, "तीस पुरुष आणलेत कसे?" मी पिशवीतून काकांचा कागद काढून टेबलावर ठेवला. अख्खी समिती हसत सुटली. मिलेव्हाबाईंनी उठून मिठी मारली.

बाहेर थंडीत काका, हातात गुलाब. "अकरा आहेत, मोजून घे. फुलं जोडीने देतात ती मेलेल्याला, तू जिवंत आहेस!"

१४ डिसेंबर

डोकं ठणकतंय. काल काकांकडे रकिया पिणं जरा जास्तच झालं. आरोग्यसंवर्धक म्हणे!

१७ डिसेंबर

सकाळी दार वाजलं. स्तामेन. किरीलच्या कागदासमोर उभा, कोट काढलेला, डावी बाही कोपराच्या वर.

"वहिनी," म्हणाला. "मोज."

एकशे नव्वद. म्हटलं, आत्ता निघायचं शहरात. "उद्या बघू," म्हणाला. मी गाडीची किल्ली उचलली.