आईंचं घर, माझं नाव

९ नोव्हेंबर २०२५

आई आज जेवताना म्हणाल्या, घर तुझ्या नावावर करते. एवढंच. मग भाकरी आमटीत कुस्करायला लागल्या. सासूबाई अशाच — मोठं काही बोलायचं असलं की ताटाकडे बघून बोलतात.

माझा नवरा प्रशांत गेल्यापासून आम्ही दोघीच. घर आणि मागचं आवार आईंनी दूध विकून स्वतःच्या नावावर घेतलेलं. त्याच आवारात माझी उसाची रोपवाटिका. घर माझ्या नावावर झालं तर मला इथून कुणी ऊठ म्हणणार नाही. आनंद व्हायला हवा. झालाही. पण रामहरींचं काय?

१० नोव्हेंबर

रामहरी केडगावचे. रोपं न्यायला टेम्पो घेऊन येतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीआधी ट्रे चढवता चढवता त्यांनी विचारलं, लग्न करू या का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आईंना सांगितलेलं नाही.

आता घर घेऊन मग हे सांगायचं? लोक म्हणतील, म्हातारीकडून घर लिहून घेतलं आणि दुसरा संसार मांडला. लोकांचं जाऊ दे — मलाच तसं वाटेल.

१७ नोव्हेंबर

श्रीगोंद्याला निकिता वकीलबाईंकडे गेलो. मला सगळे कागद सारखेच वाटायचे. नाहीत! खरेदीखत म्हणजे किंमत मोजून घेणं. हक्कसोडपत्र म्हणजे सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदारासाठी सोडणं. पण घर एकट्या आईंचं, सोडणार कोण? उरली दोन. मृत्युपत्र केलं तर आई असेपर्यंत घर त्यांचंच, मन बदललं तर कागदही बदलता येतो. बक्षीसपत्र नोंदवलं की घर तेव्हापासूनच माझं. मग सहसा मागे घेता येत नाही.

मी पटकन म्हटलं, मृत्युपत्र करू. 

१८ नोव्हेंबर

शेवगावहून मोनिकाताईंचा फोन. माझ्या नणंद. त्यांचंही तेच — आईने जिवंतपणी घर हातचं सोडू नये. रागाने नाही, काळजीने बोलल्या.

२४ नोव्हेंबर

आज आईंना रामहरींचं सांगणारच होते. आईंचा गुडघा दुखत होता. शेकून दिला. राहून गेलं.

१ डिसेंबर

पुन्हा वकीलबाईंकडे. आईंनी माझं ऐकलंच नाही, बक्षीसपत्रच करायला सांगितलं. बाईंनी मसुदा वाचून दाखवला. हयात असेपर्यंत आई याच घरात राहतील, हेही त्यात होतं. वाचून झालं तशा आई म्हणाल्या, "आजून एक लिवा. हिनं दुसरं लगीन केलं तरी घर हिचंच."

वकीलबाई म्हणाल्या, बक्षीस दिल्यावर ते तिचंच असतं, वेगळं लिहायची गरज नाही.

"कायद्याला नसंल गरज. हिला हाय."

मला मान वर करता येईना.

एसटीत बसल्यावर सगळं सांगून टाकलं. आई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ठावं हाय. रोपं न्यायला येवढ्या चकरा कोन मारतं?" आणि हसल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. कंडक्टर बघत राहिला.

घरी आल्यावर मोनिकाताईंनाही फोन करून सांगितलं. त्या नुसतं "बघते" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर

नोंदणी झाली. आईंनी अंगठा दिला, मी स्वीकारल्याची सही केली. एक साक्षीदार वकीलबाईंनी आणला होता. दुसरी सही मोनिकाताईंची! पहाटेच निघून आल्या होत्या. बाहेर चहा घेताना एवढंच विचारलं — माणूस बरा आहे ना?

आई ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, आता तुमच्या नावावर काही उरलं नाही. तर म्हणाल्या, "तू हायेस की."

७ डिसेंबर

रामहरींना हो म्हटलं. त्यांनी विचारलं, आईंना पण केडगावला नेऊ या ना? मी म्हटलं, आम्ही कुणीच नाही येत. तुम्ही इकडे राहायला या.

येतो म्हणाले.