चाळीस सेकंदांची घंटा

चि. हनुमंत,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवते.

काल नांदेडला येऊन तू म्हणालास, "अक्का, कोर्टात एवढंच म्हण, भाऊ सांगत होता, मी लिहून घेत होते. त्यात तुझं काय जातंय?" फोन कंपनीनं तुझं प्रीपेडचं पेटंट वापरलं म्हणून तू लातूरला दावा लावलास. पुराव्याला दिलेल्या वहीतलं अक्षर तुझं नाही हे त्यांच्या वकिलानं दाखवलं, तेव्हा तुला अक्का आठवली.

उदगीरच्या मोंढ्यातल्या आपल्या टेलिफोन बूथवर पैसे आधी घ्यायचे आणि ते संपले की लाइन आपोआप तोडायची, ही जुळणी मी केली आणि त्या वहीत मांडली. बी.एस्सी. मी होते. तू दहावीला दुसऱ्यांदा बसला होतास. वहीला हळदकुंकू लावताना दादा म्हणाले, "नाव पोराचं घाल, दुकान त्याचं हाय." मी मुकाट्यानं घातलं. ती चूक माझी. त्याच वहीवर तू पेटंट घेतलंस आणि मला पेढे पाठवलेस.

साक्षीला मी येईन. पण समोरच्या वकिलाला तुला एकच प्रश्न विचारायला सांगेन: लाइन तुटण्याआधी घंटा बरोबर चाळीस सेकंद आधी का वाजते? तुझ्या अर्जातही चाळीसच आहेत. मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या गुणाबाईला लेकीचा फोनवर निरोप घ्यायला तेवढा वेळ लागायचा. मी घड्याळ लावून मोजला होता. तू बूथवर नसायचासच.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वाचलंस तर उत्तर पाठ करून येशील.

या वेळी नाव माझंच घालते.

इंदुमती