टर्बोचा पाईप आणि हिचं डोकं

४ ऑक्टोबर, शनिवार

पाईप आला! दीड महिना वाट पाहिली. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडाला लागतो तो — इंजिनाचा सगळा धूर आधी याच्यातून खाली उतरतो, मग मागे सायलेन्सरकडे जातो. आमच्या गाडीतला कंपनीचा पाईप म्हणजे सर्दी झालेलं नाक. हा रुंद, चकचकीत, स्टीलचा. खोक्यातून काढून सोफ्यावर ठेवला.

ही ऑफिसातून आली. बघितलं. "हा पाहुणा किती दिवस राहणार?"

समजावून सांगितलं — आवाज भरदार होतो, गाडी चढावर पळते. "आणि जुना चालत नाही का?" चालतो. पण चालणं आणि पळणं यातला फरक जिला कळत नाही, तिच्यापुढे काय डोकं फोडायचं! गॅरेजात देणार नाही, घरीच बसवणार. तेवीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यातला माणूस शीळ घालत काम करतो.

५ ऑक्टोबर, रविवार

आईकडे गेलो. एकटाच. ही म्हणे, "आले तर डोकं दुखणार." म्हणजे आता दुखायच्या आधीच दुखतं. प्रगती आहे!

वर्षभर हेच. बाजारात जा, ऑफिसला सोड, दहा मिनिटांचं काम — बाई ठणठणीत. आईचा रस्ता धरला, दीड तासाचा चढ सुरू झाला, की कपाळाला हात. "कसला तरी वास येतोय." मला येत नाही. (माझं नाक शाळेपासून बंद, तो भाग वेगळा.) मी काही निर्दयी नवरा नाही. दर वेळी बाहेरची हवा आत घ्यायचं बटण दाबतो, जाळी हिच्या तोंडाकडे वळवतो, पंखा फुल्ल. घे, ताजी हवा घे! तरी पोचेपर्यंत चेहरा पिवळा. उतरली की सरळ आतल्या खोलीत आडवी. आणि जेवणं उरकून भांडी घासून झाली की हिला बरं वाटतं!

आई म्हणते, "नाटकं आहेत सगळी." मागे सगळे जमले होते तेव्हा मी म्हटलं, "हिच्या डोक्यात होकायंत्र बसवलंय. फक्त आईच्या घराच्या दिशेला दुखतं." मामा खोकला येईपर्यंत हसला. माझा आजवरचा सर्वात गाजलेला विनोद. ही हसली नाही. तेव्हापासून आलेलीही नाही.

एकोणीस तारखेला आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सगळं गणगोत येणार. हिने सांगून टाकलंय, येणार नाही. लोकांना काय सांगू, विचारलं.

"सांग ना, होकायंत्र बिघडलंय."

७ ऑक्टोबर, मंगळवार

नटांवर गंज सुटायचं तेल मारलं. बरंचसं शर्टावर मारलं गेलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

गाडी पुढून उचलून स्टँडवर घेतली. व्हिडिओतली तेवीस मिनिटं म्हणजे माझे पाच तास. टर्बोवरचा पत्रा काढताना बोट कापलं. सेन्सरची वायर सुटेना, सुटली तेव्हा क्लिप तुटून हातात. पहिला नट निघाला. दुसऱ्याला शिव्या घातल्या, मग तोही निघाला.

तिसरा मात्र टर्बोच्या मागे, इंजिन आणि डॅशबोर्डमागचा पत्रा यांच्या बेचक्यात. माझा हात मनगटापर्यंत जातो आणि अडकतो. बाहेर काढताना कातडं तिथेच ठेवून यावं लागतं. व्हिडिओतला माणूस म्हणतो, "तिसराही असाच काढा." आणि शीळ! कधी भेटला तर त्याच पान्याने...

१२ ऑक्टोबर, रविवार

ही कपडे वाळत घालून खाली आली. पाच मिनिटं माझा तमाशा बघितला. मग हातातलं घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं. "सरक."

हात कोपरापर्यंत आत गेला! "पाना दे. हा नाही, छोटा." मान दुसरीकडे, डोळे मिटलेले, नुसत्या बोटांनी शोधत होती. दहा मिनिटं गेली असतील. मग टक्क — सुटला. लग्नाला चौदा वर्षं झाली, हिचा हात एवढा लहान आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हात बाहेर आला तो काळाकुट्ट.

"ही काजळी कसली? मागच्या पत्र्यावर सगळीकडे आहे. पार वर, बाहेरून हवा आत घेणाऱ्या जाळीपर्यंत."

म्हटलं, जुन्या गाडीत असतंच. तज्ज्ञ ना मी! ही बराच वेळ स्वतःच्या हाताचा वास घेत उभी होती.

पाईप निघाला. आणि लक्षात आलं की जोडावर बसवायचं नवं गॅस्केट मागवलेलंच नाही. वा रे मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जुना पाईप पिशवीत घालून मिस्त्रीकडे गेलो. तोच मिस्त्री, ज्याला "यापुढे तुमची गरज नाही" असं मी ऐटीत सांगून आलो होतो. त्याने मापाला गॅस्केट लावून बघितलं, मग पाईप उजेडाकडे धरला. वाकणाच्या आतल्या बाजूने नख फिरवलं.

"हा तडा आजचा नाही. वर्ष झालं असेल."

बोटभर लांब. मला दिसलाच नव्हता.

"तापला की उघडतो, थंड झाला की मिटतो," मिस्त्री म्हणाला. "जवळपास फिरलात तर कळणार नाही. लांबचा चढ असला की धूर सगळा वर. बाहेरची हवा घ्यायचं बटण चालू असलं तर थेट गाडीत. शेजारी बसणाऱ्याच्या बाजूलाच आहे बघा." मग हात पुसता पुसता, "कुणाचं डोकं नाही दुखलं आत बसून?"

म्हटलं, नाही.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

"नशीबवान आहात. असल्या धुरात माणूस झोपला तर उठत नाही. तुमची खिडकी उघडी असेल."

असते. कोपर बाहेर ठेवल्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही.

घरी येऊन गाडीत बसलो. बटण तिथेच आहे. जाळी अजून हिच्या सीटकडे वळलेली आहे. मीच वळवलेली. वर्षभर मी हिला धूर पाजत होतो, वर म्हणत होतो ताजी हवा घे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सांगणार होतो. हिला यायला उशीर झाला. बरं झालं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना हिने विचारलं, "मिस्त्री काय म्हणाला?"

गॅस्केट मिळालं, म्हटलं.

"एवढंच?"

एवढंच. भाजी छान झाली आहे, असंही म्हटलं. भाजी मीच केली होती.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नवा पाईप बसवला. तिसरा नट पुन्हा हिनेच आवळला. मी विजेरी धरून उभा — लायकीप्रमाणे काम मिळालं. गाडी सुरू केली. आवाज भरदार! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो आवाज, आणि अर्ध्या मिनिटात बंद केला. ऐकवेना.

आईचा वाढदिवस होऊन जाऊ दे, मग सांगू. नीट वेळ बघून, शांतपणे. होकायंत्राचा विनोद करताना मी वेळ बघितली नव्हती, पंधरा माणसं बघितली होती. हे कळतं. तरी जीभ उचलत नाही. मला भीती वाटते. ही एखाद्या रविवारी त्या सीटवर झोपली असती आणि उठली नसती, आणि मी पुढचा चढ बघत गाडी हाकत राहिलो असतो. "आली का हिची नाटकं," एवढंच मनात म्हणत.

जुना पाईप भंगारात टाकवेना. जिन्याखाली, रद्दीच्या मागे ठेवला.

१९ ऑक्टोबर, रविवार

आईकडे आहे. आतल्या खोलीत बसून लिहितोय — ही आडवी व्हायची त्याच पलंगावर.

सकाळी खाली आलो तर ही आधीच गाडीत बसलेली. मांडीवर माझ्या टॉवेलात गुंडाळलेला जुना पाईप. तड्याभोवती खडूने गोल केलेला. "सोमवारी संध्याकाळीच मिस्त्रीला फोन केला होता," म्हणाली. "सहा दिवस वाट बघितली तुझी. आज सगळ्यांसमोर तू दाखवणार, की मी?"

मी, म्हटलं. मग दीड तासाचा तोच चढ चढलो. हिचं डोकं दुखलं नाही.

बाहेर सगळे जमलेत. आत्ताच मामाचा आवाज आला, "काय सूनबाई, आज होकायंत्र बंद वाटतं!" सगळे हसले. आईसुद्धा.

पाईप जड आहे. जातो.