नदीकडे उघडणारी खिडकी, नग एक

तीर्थस्वरूप आत्या,
इथूनच वाकून तुझ्या पायांना हात लावते. गुडघा कसा आहे? काका अजून पथ्य मोडून वर तुझ्यावरच रागावतात का? मी खुशाल आहे, असं लिहिणार होते; पण सहीच्या वर खोटं लिहू नये हे तूच मला पाटीवर शिकवलंस, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

आमच्या कार्यालयात आता सगळी खरेदी संगणकावरून होते. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं, सरावासाठी काहीही मागा. सगळ्यांनी खुर्च्या मागितल्या. माझ्याकडे खुर्ची आहे. नसलेली गरज लिहायला हात धजेना, म्हणून जे खरंच हवं होतं ते लिहिलं : खिडकी, नदीकडे उघडणारी, नग एक. (आमच्या खोलीला चार भिंती आहेत आणि बाकी काही नाही.) शेवटी संगणकावरच सही केली आणि दोन बटणं आली. ‘सराव’खाली लिहिलं होतं, याची नोंद राहणार नाही. सही केलेल्या कागदाची नोंद नाही म्हणजे काय? मी दुसरं दाबलं. निविदा जगभर प्रसिद्ध झाली.

मग पुरवठादारांच्या शंका येऊ लागल्या. एकाने विचारलं, नदी आम्ही पुरवायची की कार्यालय देणार? दुसऱ्याला पाण्याचा आवाज दरात धरायचा की वेगळा, हे हवं होतं. मी नियमाप्रमाणे सगळ्यांना उत्तरं दिली, आणि ती लिहिता लिहिता खोलीत हळूहळू गारवा यायला लागला. लेखापाल हल्ली बेरीज अर्धवट ठेवून भिंतीकडे बघत बसतात. टंकलेखिका बाई म्हणतात, पलीकडून होडी गेली. (मला दिसली नाही, तशी खोटी साक्ष मी देणार नाही.)

साहेबांनी बोलावलं. मी अजून नोकरीत कायम झालेले नाही. त्यांनी निविदा पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “पूर्वेला असती तर सकाळचं ऊन टेबलावर आलं असतं, नाही?” आणि लगेच खाकरून, “सोमवारी दुपारपर्यंत निविदा रद्द करा. नाहीतर तुम्हाला कायम करा असं मी कोणत्या तोंडाने लिहू?”

रद्द करायला कारण निवडावं लागतं. ‘चूक झाली’ हे कारण संगणकाला ठाऊकच नाही. ‘निधी नाही’ म्हणावं तर तो आहे. उरलं एकच : ‘गरज उरली नाही’. पण ती उरली आहे गं.

तुझी,
भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की तुझी मागची खोली रविवारी मोकळी असेल का? दिवसभर नदीकडे बघत बसेन. गरज भागली असं मनापासून वाटलं, तर सोमवारी बटण दाबायला मोकळी.

ता. क. २ : लेखापाल आणि टंकलेखिका बाईही येतो म्हणतात. साहेब फक्त ‘पाहणीसाठी’ येणार आहेत. बसायला कमी पडलं तर शेजारून माग.

ता. क. ३ : मी दाबेनच, असं मात्र लिहून देत नाही.