पुस्तकात नसलेला शेवट

ता. १४, रविवार

ताई,

नमस्कार. आधीच सांगतो, अर्ध्या कोऱ्या पानांचं पुस्तक पाठवून तू मला फसवलंस. चार शब्द झाले की खाली, दोन झाले की खाली. कोऱ्या कागदाचेही पैसे घेतात का गं? आणि वर तुझी चिठ्ठी, "शाळा पाचवीत सोडलीस, निदान हे तरी पुरं कर." झालं सुरू! मला मिशा आल्या तरी तुझी छडी काही खाली येत नाही.

पण वाचलं. कपडे वाळवायचं मशीन फिरतंय तोवर एक कविता होते. हॉटेलच्या चादरी संपत नाहीत, कंबर कामातून गेलीय, पण त्या पुस्तकातली पोरगी डोक्यातून जाईना. आईबापाबरोबर परक्या देशात आलेली, वर्गात गप्प बसणारी, बापाच्या मोडक्यातोडक्या बोलण्याची लाज वाटणारी. आजी मागे घरी एकटी.

इस्त्रीवाले मामा माझ्याच खोलीत राहतात, फोनवर मागे खोकतात ते. त्यांना वाचता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचो. "शेवटी परत जातात का रे?" रोज हेच. त्यांची मुलगी त्या पोरीएवढीच. बापाचा फोन उचलते आणि आतल्या खोलीत हाक मारते, "आई, तुझ्यासाठी आहे." बस.

पुस्तकात कोणी परत जात नाही. तिकडेच घर घेतात, आजी फोनवरच म्हातारी होते. मामांसमोर ते माझ्याने वाचवेना. थाप मारली. सगळे परत आले, आजी दारात उभी, म्हणाली, "आधी हात धुवा, पानं वाढलीत."

मामा म्हणाले, "परत वाच."

वाचलं. यावेळी आजी म्हणाली, "किती वाळलास रे."

"मघाशी तर हात धुवायला सांगत होती!" मामा खो खो हसले. मग एकदम थांबले. "गाढवा, तुझ्या मनातलं मला कशाला वाचून दाखवतोस? जा की घरी."

"आधी तुम्ही," म्हटलं. मस्करीतच. पण त्यांनी खरंच पेटी खाली काढली. तिकिटाला पैसे कमी पडत होते, म्हणून पुन्हा वर ठेवायला निघाले.

परवा घरी गेले एकदाचे. खोली मोठी झालीय, भाडंही.

आईला डोळ्यांनी दिसत नाही, पत्र तूच वाचून दाखवशील. इथपर्यंत जसंच्या तसं वाच. ती विचारेल, या सुट्टीत येतोय ना? तेव्हा तू तुझ्या मनाने वाच, ताई. येतोय म्हण. फक्त दोनदा वाचू नकोस.

माझ्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेले पैसे मामांना दिले. रागावू नकोस.

तुझा,
अजून पाचवीतलाच

उरलेले पाठवतोय. दोन हजार तीनशे.