'ऐवजी'चं वाक्य

मंगळवार, अमरावती

माझी नर्स मुलगी कल्याणी उद्या जर्मनीतल्या नोकरीसाठीच्या जर्मन भाषेच्या परीक्षेला जात नाही म्हणते, म्हणून लिहायला बसले. नाहीतर ओरडले असते.

रोजच्यासारखी तूर निवडत मी मराठी वाक्यं सांगत होते, ती जर्मन करत होती. 'शिकण्यासाठी' झालं, 'न विचारता' झालं. 'ऐवजी'चं वाक्य तिनेच रचलं: आईला सांभाळण्याऐवजी मी तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळीन.

"बरोबर. पुढचं."

"पुढचं काय वं, आई? तू पडली त तुले कोन उचलंल?"

एकटी कशी राहणार मी? पण माझ्यापायी ती इथे अडकली, तर ते मला त्याहून जड जाईल.

आत्ताच तिच्यादेखत शेजारच्या मंगलाबाईंना घराची दुसरी किल्ली दिली.